चटणीतली जपानी अळंबी

माझ्या बायकोला मी आठ दिवस तिच्या नकळत असं काही खाऊ घातलं, जे कळून तिने कधीच तोंडात घेतलं नसतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. डॉक्टरांना नाही, सासूला नाही, सख्ख्या भावाला नाही. विमलला तर नाहीच.

टीबीतून माणूस बरा होतो. विमलही बरी झाली. पण बरी होता होता तिचे कान गेले, आणि ते टीबीने नेले नाहीत. ज्यांच्या घरात आज त्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला बोलायची सवय नाही. सतराव्या वर्षी खानदेशातून सुरतेला आलो आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागलो. तिथल्या खडखडाटात तोंडाने बोलून काही उपयोग नसतो, माणसं हातांनी बोलतात. गप्प राहणं अंगात मुरलं ते असं. अर्थात हे निमित्त झालं. गप्प राहिलो तो भीतीने.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. एखादं वाक्य तसंच राहिलं तर समजून घ्यावं.

फोटो

प्लेगनंतरचं दुसरं वर्ष. सुरतेत तेव्हा कुणी नुसतं खोकललं तरी बाजूचे दोन पावलं मागे सरकत. विमल दोन महिने खोकत होती. नवागामच्या आमच्या खोलीत बसून ती साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची. एके दिवशी कामाच्या साडीवर लाल ठिपका पडला, तर ती आधी साडीच धुवायला धावली. मालकाची साडी खराब झाली म्हणून! तिच्या तोंडातून रक्त आलं, हे तिला त्यानंतर सुचलं.

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढायचा होता. माणूस म्हणाला, "बाई, गळ्यातलं सगळं काढा." मंगळसूत्र तिने काढून माझ्या हातात दिलं. तुळशीची माळ काढेना. लग्नाच्या आधीपासून गळ्यात होती. मागे रांग ओरडायला लागली. शेवटी तिने माळ वर ओढून दातांत धरली आणि तशीच मशीनसमोर उभी राहिली.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "हा बघा डाग. टीबी आहे. गोळ्या सुरू करू, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि बाईंना खायला घाला. वजन छत्तीस किलो आहे. रोज दोन अंडी, मासळी."

"अंडं नको साहेब, माळ आहे," विमल म्हणाली.

"माळेला फुप्फुस नसतं, बाई."

"फुप्फुस त्यानंच दिलंय ना साहेब. तो बघेल."

डॉक्टर हसले. मी नाही हसलो. मला फक्त छत्तीस ऐकू आलं होतं. छत्तीस किलोची बाई म्हणजे आमच्या खात्यातलं, लूम चालतात त्या शेडमधलं, सुताचं एक खोकं. ते मी एकटा उचलतो.

बाहेर आल्यावर तिने एकच विचारलं, "पोरीला जवळ घ्यायचं की नाही?"

आमची ज्योती तेव्हा नऊ वर्षांची. तिला गोडादऱ्याला माझ्या भावाकडे ठेवली. निघताना ती दारातून ओरडली, "आई, मी रविवारी येते!" हा आवाज लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

पाकीट

मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात फिटर होतो. तिथे पाण्याच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या नव्या जपानी लूम आल्या होत्या आणि त्या बसवायला जपानहून एक इंजिनीयर आला होता. त्याचं नाव आम्हाला नीट म्हणता येत नसे, म्हणून सगळे 'जपानी साहेब' म्हणायचे. इंग्रजी येणारा एकच माणूस होता, शेठचा पुतण्या केतनभाई. साहेबाचं तोंड तोच.

साहेब आमचं तिखट खात नसे. सुटकेसमध्ये स्वतःचं वाळवण घेऊन आला होता, ते हॉटप्लेटवर शिजवून खायचा. एकदा दुपारी त्याने पाहिलं की मी डबा न उघडताच बसलोय. केतनभाईने सांगून टाकलं, घरवाली बीमार आहे, छातीचं दुखणं आहे.  जायच्या दिवशी साहेबाने दोन्ही हातांत एक पाकीट घेऊन, वाकून, ते माझ्यासमोर धरलं. आत तपकिरी, चामड्यासारख्या वाळलेल्या छत्र्या. पाठीवर भेगा पडलेल्या.

"शिताके," केतनभाई म्हणाला. "मशरूम. बहुत ताकद. ये लोग तो हॉस्पिटल में इसकी दवा बनाते हैं, पाटीलभाई. सूप बना के देना. अच्छे से पका के."

दवा बनाते हैं! मी पुढचं ऐकलंच नाही.

घरी पाकीट उघडलं तर खोलीभर वास सुटला. ओल्या लाकडाचा आणि थोडा सुकटीचा. विमल पदर नाकाला लावून उठून बसली.

"सुकट आणलं का हो घरात?"

"भाजी आहे. जपानची."

तिने एक छत्री बोटांत धरून दाबली, हुंगली आणि परत टाकली. "ही तर अळंबी. मटणाच्या जातीची. गावाकडं पावसात निघायची तर माझा बा शिवू द्यायचा नाही. तो साहेब भला माणूस, पण माझ्या चुलीपाशी नको."

"बरं. देऊन टाकतो कुणाला."

हे माझं पहिलं खोटं.

माझ्या हातची चटणी

शिजवली असती तर वासावरून तिला कळलं असतं. म्हणून शिजवली नाही. सगळी चूक इथे आहे.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत खलबत्त्यात ती अळंबी कुटली, कापडाच्या तुकड्यातून चाळली आणि भुकटी डबीत भरली. घरी शेंगदाण्याची चटणी कुटायला मीच बसलो. लसूण दुप्पट, मिरची दुप्पट, वरून भुकटी. विमल अंथरुणातून बघत होती.

"तुम्ही कधीपासून चटणी कुटायला लागले?"

"तुला दम लागतो ना."

"दुखणं पडलं म्हणून नवऱ्याचा हात तरी कळला," ती हसली. भाकरीबरोबर चाटून पुसून खाल्ली. "छान झाली. माझ्याहून छान."

सहा दिवस मी चिमटी चिमटी घातली. तिला भूक लागायला लागली, खोकला उतरला. ते गोळ्यांनी होत होतं. श्रेय मी माझ्या डबीला दिलं. मग वाटलं, चिमटीने एवढं तर चमच्याने किती! सातव्या आणि आठव्या दिवशी चमचा भरून घातली.

वळ

दहाव्या सकाळी विमल न्हाणीत गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. असली हाक मी तिची कधी ऐकली नव्हती.

पाठ माझ्याकडे करून बसली होती. खांद्यापासून कमरेपर्यंत लाल वळ उठले होते. पुरळ नाही, गांधी नाहीत. लांब, सरळ, एकावर एक गेलेले वळ, कुणी वेताने फोडून काढावं तसे. दंडावर तसेच, पोटावर तसेच. माझ्या हातातून तांब्या पडला.

"काय आहे हो?" ती विचारत होती. "आग होतेय. काय दिसतंय?"



तांब्याचा आवाज ऐकून शेजारची शोभावहिनी आली. तिने पाठ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. विमलच्या अंगावर लुगडं टाकलं आणि माझ्या तोंडावर दार लोटलं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं की पाटलाने आजारी बायकोला मारलं. नळावर माझ्यासाठी कुणी जागा सोडेना. मी कारखान्यात गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी गावाहून सासू आली. नेहमी 'जावईबापू' म्हणून पदर सावरणारी बाई. पाठ बघून आली आणि एकदम 'तू'वर आली.

"तू मारं का मनी पोरले? खरं सांग."

विमल आतून ओरडली, "माय, त्याईनी कधी हात नाही उचलला! उगा काही बोलू नको."

मग हळू आवाजात, मला वाटतं माळेला धरून, ती आईला म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल. देवानं कोरडे ओढले. माझ्या हातून काय घडलं असेल ग माय?"

आणि त्या छत्तीस किलोच्या बाईने दोन दिवस उपास धरला. पाप माझं होतं आणि माफी ती मागत होती. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी मोरीत जाऊन डबी रिकामी केली.

"नाही, साहेब"

दवाखान्यात डॉक्टरांनी पाठ पाहून आधी मलाच बाहेर काढलं. विमलला एकटीला विचारलं असणार. तिने काय सांगितलं असेल ते मला माहीत होतं. मग मला आत बोलावलं. सासू, विमल, डॉक्टर, तिघंही माझ्याकडे बघत होती.

"बाहेरचं काही दिलंत? जडीबुटी, भस्म, कुणा वैद्याची पुडी? राग नाही, पण खरं सांगा. नाहीतर मला हे गोळ्यांमुळे उठलं असं धरावं लागेल."

डॉक्टरांनी याहून सोपं करून कसं विचारायचं? माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं. पण बाजूला विमल माळेवर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ही ओकेल. मग माझ्या हातचं पाणी पिणार नाही.

"नाही, साहेब."

गोळ्या बंद झाल्या. वळ पंधरा दिवसांत फिके पडले, त्यामुळे डॉक्टरांचा संशय पक्काच झाला. मग दुसरा इलाज सुरू झाला. वेगळ्या गोळ्या आणि रोज एक इंजेक्शन. इंजेक्शन आमच्या गल्लीच्या टोकाच्या डिस्पेन्सरीत घ्यायचं आणि महिन्याने मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. मी रोज सायकलच्या कॅरियरवर बसवून तिला न्यायचो. गल्लीतल्या बायका बघत. हळूहळू त्यांची नजर मऊ झाली. शोभावहिनीने एकदा वाटीभर खिचडी पाठवली. सासू पुन्हा 'जावईबापू' म्हणायला लागली आणि गावी गेली. मला वाटलं, सुटलो.

महिना उलटला, मोठ्या दवाखान्याची पहिली तारीख झाली. एके दिवशी सायकलवर मागून विमल म्हणाली, "अहो, तुमचं खातं माझ्या कानात येऊन बसलंय. लूम चालतात नुसत्या. बंदच होत नाहीत."

कंपाउंडर म्हणाला, "कमजोरी छे, बेन." मीही तेच धरलं.

सूप

त्याच आठवड्यात जपानी साहेब मशीन तपासायला परत आला. मला बघताच त्याने केतनभाईकरवी विचारलं, घरवाली कशी आहे? अळंबी खाल्ली का? आणि उत्तराची वाट न बघता दुपारी मला त्याच्या खोलीवर घेऊन गेला. कशी करतात ते दाखवायची त्याला हौस होती.

रात्रभर भिजवून ठेवलेल्या छत्र्या फुगून तळहाताएवढ्या झाल्या होत्या. भिजवलेलं पाणी त्याने फेकलं नाही. चव त्यातच असते म्हणाला. देठ कापले, टोपी चिरली, कांद्याची पात घातली आणि चांगलं खळखळ, बराच वेळ उकळलं. केतनभाई सांगत होता, याची आई ऐंशीची आहे, रोज खाते, आजारी माणसाला यांच्याकडे हेच देतात. मांस न खाणाऱ्याला तर फार चांगलं.

मी पहिला घोट घेतला. इतकं चवदार काही मी त्या वर्षात खाल्लं नव्हतं. सुकटीचा वास पार गेला होता. मला वाटलं, असं करून, नीट सांगून दिलं असतं तर कदाचित तिने हो म्हटलं असतं. कदाचित नसतंही.

"तू कशी केलीस, विचारतोय," केतनभाई म्हणाला.

"कुटून. भुकटी करून. चटणीत."

"पकाया नहीं?"

"नाही."

केतनभाईने सांगितलं आणि साहेबाचा हात हवेत थांबला. त्याने वाटी खाली ठेवली, बाही वर केली आणि स्वतःच्या दंडावर नखांनी रेघा ओढल्या. लांब, सरळ, एकावर एक. मग पाठीकडे हात नेऊन तशाच रेघा हवेत ओढल्या. माझ्या डोळ्यांसमोर विमलची पाठ आली. तीच रेघ, तेच अंतर.

केतनभाई हसत होता. "कहता है, कच्चा खाने से किसी किसी को चाबुक जैसे निशान पड़ते हैं. उनके यहाँ सबको मालूम है. डरने का नहीं, पंद्रह दिन में अपने आप चला जाता है. तेरी घरवाली को हुआ था क्या?"



आपोआप जातं. निरुपद्रवी! गोळ्यांचा काही दोष नव्हता. तिला ते इंजेक्शन लागतच नव्हतं.

"नाही," मी केतनभाईला म्हणालो. "तसं काही नाही झालं."

अठरा

त्या दुपारपासून दवाखान्याच्या पुढच्या तारखेपर्यंत अठरा दिवस होते.

मी रोज ठरवायचो. आज दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगू. मग वाटायचं, ते विमलला सांगतील. सासूला कळेल. गल्ली आत्ता कुठे बोलायला लागली होती. मग वाटायचं, तारीख जवळच आहे, तेव्हा बघू. आणि मी सायकल काढायचो, विमलला मागे बसवायचो, डिस्पेन्सरीत न्यायचो, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि सुई टोचली जायची. अठरा वेळा. माहीत असून.

बाराव्या-तेराव्या दिवशी रविवार होता. ज्योती भेटायला आली आणि दारातून ओरडली, "आई!" विमल तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. पोर परत ओरडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई रागावली का माझ्यावर?"

पोरीचा आवाज बारीक. तो आधी गेला.

त्या दिवशीही मी डॉक्टरांकडे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सायकल काढली.

तारखेला डॉक्टरांनी विमलला मागून हाक मारली. ती वळली नाही. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या एका कानाशी धरलं, मग दुसऱ्या. त्यांचा चेहरा बदलला. "इंजेक्शन आत्ता, या क्षणी बंद. कान त्यानंच जातात." कानात आवाज येतो हे आधी का नाही कळवलं, म्हणून ते माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं. ओरडले ते बरं वाटलं, थोडं आणखी ओरडायला हवं होतं.

मग धाडस करून त्यांनी जुन्या गोळ्या एकेक करून पुन्हा दिल्या. पहिली दिली, वळ नाही. दुसरी दिली, नाही. कशानेच काही उठलं नाही. डॉक्टर फाइल चाळत राहिले आणि म्हणाले, "कमाल आहे. मग तेव्हा कशानं उठलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आता

विमलचा टीबी गेला. वजन अठ्ठेचाळीस आहे. ज्योती घरी आहे. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात अगदी जवळ जाऊन मोठ्याने बोललं तर थोडं उतरतं. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून ती झाकणाजवळ हात धरून वाफ बघते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही.

मी तिला लूमवरची हातांची भाषा शिकवली. धागा तुटला, मशीन थांबव, शेठ आला, जेवायला चल. ज्योती तर आमच्या दोघांहून पटपट बोलते. विमल म्हणते, "आता मी तुमच्या खात्यातली झाली. पगार कधी देता?" ती असं म्हणाली की ज्योती हसते आणि मी चहा ठेवायला उठतो. चटणी अजून मीच कुटतो. तिला तीच लागते.

अळंबीला मी दोष देत नाही. साहेबाने प्रेमाने दिली होती आणि नीट भिजवून, खळखळून शिजवली तर ते उत्तम जेवण आहे. अंडं-मासळी न खाणाऱ्या आजाऱ्यालाही त्याने आधार मिळत असेल. पण ते जेवण आहे. टीबी गोळ्यांनी जातो. घरात कुणी आजारी असेल तर एवढंच करा: त्याच्या पोटात जे जे घालाल ते त्याला सांगून घाला आणि डॉक्टरांना सांगून घाला. पुडी असो, अंगारा असो, जपानची भाजी असो. डॉक्टर विचारतात तेव्हा ते तुमची अब्रू बघत नसतात.

विमलला वाचता येतं. बोट ठेवून, हळू वाचते. हे लिहून झाल्यावर तिच्या पुढ्यात ठेवायचं आणि तिचं वाचून होईपर्यंत तिथेच बसायचं, चहा ठेवायला उठायचं नाही, असं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा कागद परत पेटीत ठेवले.

माळ घातलेल्या बाईला फसवून खाऊ घातलं, हे मला तिला सांगायचं आहे. तिच्या हातून काही चुकलं नव्हतं, देवाने कोरडे ओढले नव्हते, हे सांगायचं आहे. आणि शेवटचे अठरा दिवस मला माहीत होतं, हे सांगायचं आहे. तिचे कान मी परत देऊ शकत नाही. ह्या तीन गोष्टी देऊ शकतो. त्या अजून दिलेल्या नाहीत.